वीस मिनिटं घालून बसा

अठ्ठावन्न सेंटिमीटर.

काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा. कडांना धूळ चिकटलेली.

एक लाकडी खुर्ची. मागचा डावा पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी.

पियानोची अगदी उजवीकडची, शेवटची पट्टी. दाबली की आधी ऐकू येतं लाकूड — टक् — आणि त्याच्या मागे, सुईच्या टोकाएवढा, एक स्वर.

टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ. पिळून ठेवलं की टिकटिकतं, वेळ भरली की किंचाळतं.

‘माणूस खोटं बोलेल, कपाळ बोलायचं नाही.’ हे आत्याचं वाक्य. दिवसातून निदान चार वेळा.

ह्यातल्या कशाचाच कशाशी काडीचा संबंध नव्हता. मग एका गुरुवारी दुपारी जोराचा वारा सुटला.

पहिला गुरुवार

तो दार ढकलून आत आला तेव्हा चिंगी शिडीवर होती. वरच्या फळीवरची हेल्मेटं पुसत होती. चिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे; लहानपणी आत्याने ठेवलं आणि सव्विसाव्या वर्षीही ते अंगावरून उतरायला तयार नव्हतं. दुकान आत्याचं. आत्या तीस वर्षं हेल्मेटं विकत होती, आणि गेली चार वर्षं चिंगी तिच्या हाताखाली.

“शिट्टी न मारणारं हेल्मेट आहे का हो तुमच्याकडे?” त्याने खालून विचारलं.

“हेल्मेट शिट्टी मारत नाही,” ती शिडीवरूनच म्हणाली. “वारा मारतो.”

“कुणाला?”

“ज्याचं हेल्मेट सैल असतं त्याला.”

तो हसला. गल्ल्यावर बसलेली आत्या उगाचच खोकली.

त्याच्या हातातलं हेल्मेट जुनं होतं. वरच्या हवेच्या भोकांवर काळी चिकटपट्टी. “आधी इथून वाजायचं,” तो सांगू लागला, “म्हणून हे बंद केलं. तर काचेच्या फटीतून वाजायला लागलं. तिथे कापड कोंबलं, तर कुठून वाजतंय तेच कळेना. एक भोक बुजवावं तर दुसरं तयार.”

चिंगी खाली उतरली. हेल्मेट उलटं करून तिने आत बोटं घातली. “ह्याचं दुखणं वर नाहीच. मानेपाशी आहे. हे बघा, दोन बोटं आरामात जातात. वारा इथून शिरतो आणि बिऱ्हाड करून बसतो.”

“भाडंही देत नाही,” तो म्हणाला.

तो पियानो सुरात लावायचा. घरोघरी जायचा, शाळांमध्ये जायचा. दर गुरुवारी गावाबाहेरच्या एका मोठ्या शाळेत, तिथे सहा पियानो होते — “सहाही वेडे, पाळीपाळीने एकेकाला शुद्धीवर आणतो.” जायला चाळीस मिनिटं, गाव सुटलं की सगळा रस्ता उघड्या माळावरून. “पोचलो की कानातली शिट्टी चालूच. वीस मिनिटं पायरीवर गप्प बसतो, ती उतरेपर्यंत. मगच तारांना हात. मुलांना वाटतं, मला दर गुरुवारी शिक्षा होते.”

वीस मिनिटं. चिंगीने मान वर केली, आणि टेप काढली.

भुवयांच्या वर अंगठ्याएवढी जागा सोडून तिने टेप त्याच्या डोक्याभोवती फिरवली. त्याने डोळे मिटून घेतले.

“डोळे मिटायची गरज नसते.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. पण उघडले नाहीत.

अठ्ठावन्न. मग तिने तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. हे आत्याने शिकवलेलं — टेप घेर सांगते, आकार हात सांगतो. लांबट डोकं, सपाट कपाळ. तळवा टेकला त्याच क्षणी तिला कळलं, ह्याचं हेल्मेट कुठलं ते. राखाडी, वरच्या फळीवर, डावीकडून तिसरं. आतून लांबट, मानेपाशी घट्ट मिटणारं. काच लावली की दुरून कुणीतरी दार हलकेच लोटून घ्यावं, एवढाच आवाज. आत्ताच तर ती ते पुसत होती.

तिने खालच्या फळीवरचं एक काळं काढलं. “आधी हे बघू.”

आत्याचा नियम दुकानाएवढाच जुना. वीस मिनिटं घालून बसल्याशिवाय हेल्मेट विकायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत कुठलंही हेल्मेट आवडतं. काय खरं ते पंधराव्या मिनिटाला कपाळाला कळतं. काढल्यावर लाल वळ दिसला की हेल्मेट परत फळीवर — गिऱ्हाईक ‘छान आहे, छान आहे’ म्हणून जीव टाकत असलं तरी. आणि त्या वीस मिनिटांत समोर बसून गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं, कारण गालाच्या गाद्या बोलतानाच टोचतात. थोडक्यात, गप्पा मारणं हा चिंगीच्या नोकरीचाच भाग होता. आजवर तिला तो सगळ्यात कंटाळवाणा वाटायचा.

टोमॅटो टिकटिकू लागला.

“कसा दिसतोय मी?” त्याने विचारलं. गाल दाबले गेल्याने शब्द चपटे होऊन बाहेर येत होते.

“दोन्ही गालांत बोळे कोंबलेत असे.”

“आणि बोळे काढल्यावर?”

“ते वीस मिनिटांनी सांगते.”

वीस मिनिटांनी त्याच्या कपाळावर लाल वळ होता. “नाही जमत,” ती म्हणाली. “पुढच्या गुरुवारी या ना. नवा माल येतोय.”

नवा माल वगैरे काही येणार नव्हता. खोटं इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसरा गुरुवार

लाल हेल्मेट.

“तुम्ही स्वतः गाडी चालवता?”

“नाही.”

“हेल्मेटवाली, आणि गाडी नाही?”

“न्हाव्याची दाढी कोण करतो?”

“बरं, मागे तरी बसता का कुणाच्या?”

“कुणी बसवलं नाही…”

काचेमागे त्याचे डोळे तेवढे दिसत होते. एरवी माणसाचं हसू तोंडावर बघायची सवय. इथे ते फक्त डोळ्यांच्या कडांवरून ओळखायचं. ती ओळखतच होती की टोमॅटो किंचाळला.

वळ होता. डाव्या भुवईच्या वर, तांदळाएवढा. चिंगीने तो इतक्या बारकाईने पाहिला की आत्याला पुन्हा खोकला आला.

तिसरा गुरुवार

पांढरं हेल्मेट. त्या दिवशी त्याने शेवटच्या पट्टीची गोष्ट सांगितली.

रोज सकाळी उठल्या उठल्या तो आपल्या खोलीतल्या पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी दाबतो. आधी डावा कान बंद करून. मग उजवा. “लाकडाचा टक् सगळ्यांना ऐकू येतो. त्याच्या मागचा स्वर ऐकू आला, की माझा दिवस सुरू. आमच्या धंद्यात कानाचं जे काही जायचं असतं ना, ते तिथून जायला लागतं. वरून. उंदीर कापडाची कड कुरतडतो तसं.”

“मग वाऱ्यात एवढं कशाला हिंडायचं?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

तिला विचारायचं होतं — आज आला का ऐकू? दोन्ही कानांनी? तोंड उघडलं, आणि टोमॅटो किंचाळला. मग वळ बघायचा होता, पट्टा सोडवायचा होता, त्याला उशीर होत होता. विचारायचं राहून गेलं.

तो गेल्यावर आत्या काचा पुसता पुसता म्हणाली, “त्या शिट्टीवाल्याचं डोकं आहे की भोपळा? तीन आठवडे झाले, माप सापडेना?”

“अवघड डोकं आहे, आत्या.”

“अवघड डोकं कुणाचं आहे, ते दिसतंय मला.”

चौथा गुरुवार

तो आला नाही.

वारा मात्र आला. दार दोनदा आपोआप उघडलं. चिंगीने एका पोस्टमनला हेल्मेट घालून बसवलं आणि घड्याळ पिळायलाच विसरली. बिचारा पन्नास मिनिटं नियम पाळत बसून होता, शेवटी “ताई, मान आखडली हो,” म्हणाला तेव्हा तिची तंद्री मोडली. संध्याकाळपर्यंत ती तीनदा शिडीवर चढली आणि तिन्ही वेळा एकच हेल्मेट पुसलं.

पाचवा गुरुवार

सकाळी दुकान उघडल्यावर तिने पहिलं काम हे केलं — राखाडी हेल्मेट दोन मोठ्या हेल्मेटांच्या मागे सरकवलं. आजवर तिने ते नुसतं दाखवलं नव्हतं. आज लपवलं. फरक तिला कळत होता.

“शाळेला सुट्टी होती,” तो आल्या आल्या म्हणाला, तिने काही विचारलं नसताना. “कळवणार होतो. तुमचा नंबर नव्हता.”

“बाहेर पाटीवर आहे की.”

“पाटीवरचा दुकानाचा आहे.”

आज निळं हेल्मेट. पट्टा बांधताना हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही, कमी नाही. तिने बोटं घातली. त्याने श्वास रोखलेला तिला बोटांना कळला… आणि तिनेही रोखलेला, तो कुणालाच कळला नाही. वीस मिनिटांत दोघं जेमतेम चार वाक्यं बोलले. गालाच्या गाद्यांची परीक्षा झालीच नाही.

“पुढच्या गुरुवारी?” त्यानेच विचारलं.

“पुढच्या गुरुवारी,” ती म्हणाली.

सहावा गुरुवार

तो येऊन खुर्चीत बसला, नेहमीसारखा. जुनं हेल्मेट मांडीवर. नखाने चिकटपट्टीची कड उकलत राहिला.

“शाळेतल्या बाईंचा फोन आला होता. गेल्या गुरुवारी लावलेला पियानो परत लावून द्या म्हणाल्या. वरच्या तारा सुरातून उतरल्यात.” थोडं थांबून म्हणाला, “उतरल्या नाहीत. मीच तशा लावल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं काम परत केलं.”

चिंगी उभीच होती.

“आज सकाळी उजवा कान बंद केला, पट्टी दाबली — टक्. नुसतं लाकूड. दहादा दाबली.” तो हसला, पण डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. “जाऊ दे. आज कुठलं घालायचं?”

ती शिडीवर चढली. दोन मोठी हेल्मेटं बाजूला केली.

पहिलं मिनिट. राखाडी हेल्मेट त्याच्या डोक्यावर असं बसलं, जसं काही तिथूनच काढून फळीवर ठेवलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली. मानेपाशी करंगळीही जाईना.

तिसरं मिनिट. “अरे वा,” तो म्हणाला. “हे आजच आलं?”

चौथं. पाचवं. बोलतं ठेवायचा नियम तिने मोडला.

सहावं मिनिट. “काच वर करा,” ती म्हणाली. “नीट ऐकू आलं पाहिजे.” त्याने काच वर केली. “हे आज नाही आलं. पहिल्या दिवशीही इथेच होतं. तुम्ही आत आलात तेव्हा माझ्या हातात होतं. तुमच्या कपाळाला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं.”

आठवं मिनिट. “मग?” तो म्हणाला.

“दिलं असतं, तर तुम्ही परत आला नसता.”

टोमॅटो टिकटिकत राहिला. त्या घड्याळाला मधेच थांबवायची सोय नव्हती, आणि नियम मोडून उठायचं दोघांनाही सुचलं नाही. बारा मिनिटं ती दोघं एकमेकांसमोर बसून होती. चिंगीच्या आयुष्यात एवढा लांब वेळ कधी आला नव्हता.

विसावं मिनिट. त्याने हेल्मेट काढलं. कपाळ स्वच्छ. वळ नाही, डाग नाही, काही नाही.

ते घेऊन तो गेला. जुनं हेल्मेट खुर्चीवरच राहिलं.

“विकलंस?” आत्याने विचारलं.

“हो.”

“मग रडतेस कशाला?”

चिंगीने सगळं सांगितलं. आत्या एवढंच म्हणाली, “माणसाला अडवायचं असेल, तर दारात उभं राहून अडवावं गं. त्याच्या कानाच्या जिवावर नाही.”

सातवा, आठवा, नववा

सव्वादोन वाजता मोटरसायकलचा आवाज यायचा. शंभर गाड्यांत तिला तो ओळखू आला असता — चढाला जरा घोगरा, कोपऱ्यावर खालचा. दुकानापाशी तो कमी व्हायचा नाही. जायचा. पुढे माळ सुरू होई तिथपर्यंत ती ऐकत उभी राहायची. ज्याने तिला ऐकायची सवय लावली, त्याला आत, त्या राखाडी शांततेत, ह्यातलं काहीच ऐकू येत नसेल. हेल्मेट चांगलंच होतं. तिनेच निवडलेलं.

जुन्या हेल्मेटवरची काळी पट्टी तिने एके दिवशी सोलून काढली आणि टेपच्या डबीच्या आत चिकटवली. माप घ्यायला डबी उघडली की दिसायची.

दहावा गुरुवार

सव्वादोन. घोगरा, मग खालचा… मग बंद.

तो दारात उभा होता. एका हातात राखाडी हेल्मेट, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी.

“ह्यात आवाज येतो,” तो म्हणाला.

चिंगीने हेल्मेट घेतलं. काचेचं रबर पाहिलं, हवेची भोकं उघडून मिटून पाहिली, मानेपाशी बोट फिरवलं. काम हातांना पाठ होतं. “कुठून येतो? कधी?”

“माळावर. पूर्वी वाऱ्याच्या गोंधळात काहीच ऐकू यायचं नाही. आता सगळं शांत असतं, आणि चाळीस मिनिटं तुमचं बोलणं ऐकू येतं. हेल्मेटवाली आणि गाडी नाही. न्हाव्याची दाढी कोण करतो. जाताना चाळीस, येताना चाळीस.”

तिने हेल्मेट खाली ठेवलं. “कान?”

“डॉक्टर म्हणाले, अकरा वर्षांचा वारा आहे. नेमकं कधी गेलं, ते सांगता येत नाही. वरच्या तारांपुरतं सूर मोजणारं यंत्र ठेवतो शेजारी, काटा बघून लावतो. बाकी सगळं ऐकू येतं. उजवा पक्का आहे.”

“त्या अकरा वर्षांतले पाच आठवडे माझे आहेत.”

“दोघांचे,” तो म्हणाला. “शाळेच्या रस्त्यावर हेल्मेटची आणखी तीन दुकानं आहेत. येता-जाता दिसतात. त्या पाच आठवड्यांत मी एकातही गेलो नाही. आधी मला वाटलं, राग तुमचा आलाय. मग एकदा त्या तिसऱ्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि कळलं… मला तरी शांत हेल्मेट कुठे हवं होतं? वीस मिनिटं हवी होती.”

आत्याला खोकला आला नाही.

“आणि हे काय?” चिंगीने पिशवीकडे बोट केलं, कारण दुसरीकडे बघणं अवघड झालं होतं.

पिशवीतून एक पिवळं हेल्मेट निघालं. कोरं. त्याने ते तिच्यासमोर धरलं. “मागे बसायला… म्हणजे, कुणी बसवलं नाही, असं म्हणाला होतात…”

तिने ते डोक्यात घातलं. मान वळवली, हेल्मेट जिथल्या तिथे. मान खाली केली, हेल्मेट नाकावर.

“हे कुणी दिलं तुम्हाला? माप न घेता?”

“अंदाजाने घेतलं.”

“कशाच्या अंदाजाने?”

“त्या तिसऱ्या दुकानदाराला म्हटलं, एवढी आहे.” त्याने हाताने स्वतःच्या खांद्यापाशी उंची दाखवली.

“अहो, उंचीवरून हेल्मेट घेतं का कुणी?” ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. सैल हेल्मेटात ते लपत नव्हतं.

तेवढ्यात आत्या गल्ल्यावरून उठली. गिऱ्हाइकासाठी ती गेल्या चार वर्षांत उठली नव्हती. तिने पिवळं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, टेप घेतली आणि भाचीच्या डोक्याभोवती फिरवली. “चोपन्न.” कपाळावर तळवा ठेवला, जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ. मग मधल्या फळीवरचं एक लहान, निळसर हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर दाबून बसवलं.

“बस खुर्चीत,” आत्या म्हणाली. “आणि हो, शिट्टीवाले, तुम्ही समोर. तिला बोलतं ठेवायचं. वीस मिनिटं. नियम म्हणजे नियम.” टोमॅटो त्याच्या हातात देऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

चिंगी बसली. गाल दाबले गेले होते. बोलायला गेली तर शब्द चपटे.

“कशी दिसतेय मी?”

“बोळे कोंबलेत अशी,” तो म्हणाला. थोडं थांबून, “‘तू’ म्हणू?”

“म्हण.”

“काय?” त्याने मान किंचित वळवली, उजवा कान तिच्याकडे केला. इतकं सहज, की आता ती त्याची सवयच झाली असावी.

चिंगी खुर्चीसकट सरकली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. पुठ्ठ्याची घडी मागेच राहिली. खुर्ची डुगडुगली, त्याने हाताने धरली आणि मग सोडली नाही.

“म्हण,” ती त्या कानाशी म्हणाली.

दुसऱ्या हाताने त्याने टोमॅटो मांडीवर दाबून पिळला. वीसवर थांबला नाही. जेवढा फिरत होता, तेवढा फिरवला.

तिसऱ्या गुरुवारी, तिचं विचारायचं राहून गेलं त्या दिवशी सकाळी, त्याला तो शेवटचा स्वर दोन्ही कानांनी ऐकू आला होता.